टायमर चालू असताना अहवाल कसा काढायचा

वेळेची नोंद ठेवायला सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात बहुतेकांना एक प्रश्न पडतो. दुपारी साडेचारला आजचा अहवाल उघडावा, तर दोन वाजल्यापासून चाललेलं काम त्यात कुठेच नसतं. टायमर समोर पळताना दिसतो आहे, अहवालात मात्र फक्त सकाळचे तास. मग कोणी टायमर थांबवून अहवाल बघतो आणि पुन्हा सुरू करतो, तर कोणी मनातल्या मनात बेरीज करतो. दोन्हींची गरज नाही. चालू कामाचा वेळ अहवालात घेता येतो. फक्त तो कुठे घ्यायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं लागतं.

हा लेख नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: तासावर काम करणारे अनुवादक, डिझायनर, प्रोग्रामर, हिशेब लिहिणारे आणि चार-पाच माणसांची छोटी कार्यालयं. आधी गूगल शीटमध्ये पूर्ण मांडणी करून बघू, कारण तिथे आतलं सगळं उघड्यावर दिसतं. तयार सॉफ्टवेअरकडे नंतर वळू.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. एका डिझायनरकडे आज दोन कामं आहेत. सकाळी ९:१५ ते ११:०० पुस्तकाचं मुखपृष्ठ. ११:२० ते १२:५० एका दुकानाचं माहितीपत्रक. जेवण झाल्यावर २:०५ पासून पुन्हा मुखपृष्ठ, आणि ते अजून चालू आहे. आता वाजलेत ४:३५. नेहमीचा अहवाल सांगेल, आज ३ तास १५ मिनिटं काम झालं. खरं काम झालं आहे ५ तास ४५ मिनिटं. मुखपृष्ठाला आज चार तास द्यायचे ठरले असतील, तर अहवाल म्हणतो १:४५ झाले, अजून बराच वेळ आहे. प्रत्यक्षात ४:१५ झाले, म्हणजे ठरलेला वेळ केव्हाच उलटून गेला. चालू वेळ अहवालात नसण्याचा खरा तोटा हाच. दिवस हातात असताना जो आकडा कामी येतो, तो दिवस संपल्यावर मिळतो.

अहवालातून चालू काम का गळतं?

प्रत्येक नोंदीला दोन टोकं असतात, सुरुवात आणि शेवट. कालावधी म्हणजे शेवटातून सुरुवात वजा. चालू कामाला शेवट नसतो, ती जागा रिकामी असते. रिकाम्यातून काही वजा होत नाही, म्हणून कालावधीही रिकामा राहतो आणि बेरीज करणारं फंक्शन त्या ओळीवरून पुढे निघून जातं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, त्याच्यापुढे अर्धीच माहिती असते.

उपाय त्यातच आहे. शेवटाची जागा रिकामी असेल, तर तेवढ्यापुरती तिथे 'आत्ताची वेळ' धरायची. धरायची म्हणतो आहे, लिहायची नाही. नोंदीत शेवट लिहिला की काम थांबलं असा त्याचा अर्थ होतो. रिक्षाचा मीटर प्रवासात आकडा दाखवत राहतो, पण तो आकडा म्हणजे अजून भाडं नव्हे. तसंच हे आहे. चालू वेळ दर वेळी मोजून दाखवायचा, नोंदीत कोरून ठेवायचा नाही.

शीटची मांडणी

नवीन शीट उघडा आणि पहिल्या पानाला 'नोंदी' असं नाव द्या. सहा स्तंभ लागतील:

ए – काम
बी – प्रकल्प
सी – सुरुवात
डी – शेवट
ई – कालावधी
एफ – स्थिती

सुरुवात आणि शेवट या दोन्ही ठिकाणी तारीख आणि वेळ एकत्र लिहा. अनेक जण तारखेचा स्तंभ वेगळा ठेवतात आणि सी, डी मध्ये फक्त वेळ लिहितात. दिसायला ते सुटसुटीत असलं तरी काम मध्यरात्र ओलांडून गेलं की हिशेब उलटा होतो, आणि 'आत्ताची वेळ' धरतानाही गोंधळ उडतो, कारण ती तारखेसकटच येते. म्हणून पहिल्या दिवसापासून तारीख-वेळ एकाच चौकटीत.

हे टाइप करत बसावं लागत नाही. गूगल शीटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरा आणि अर्धविरामाची कळ दाबा. त्या क्षणाची तारीख आणि वेळ चौकटीत उमटते. मॅकवर कंट्रोल-ऑल्टऐवजी कमांड-ऑप्शन. एक्सेलमध्ये हे दोन टप्प्यांत होतं: कंट्रोल-अर्धविरामानं तारीख, मग एक मोकळी जागा, मग कंट्रोल-शिफ्ट-अर्धविरामानं वेळ. अशी उमटलेली वेळ पुढे बदलत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. सुरुवातीच्या चौकटीत नाऊ फंक्शन (आत्ताची तारीख-वेळ देणारं) कधीही टाकू नका. ते दर वेळी नवी वेळ दाखवेल आणि तुमचं काम कायम 'आत्ताच सुरू झालेलं' राहील.

आता कालावधी. सूत्रं इथे देवनागरीत देतो आहे. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनची आणि स्तंभांची नावं नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी लिहा. ई२ मध्ये:

=इफ(सी२="", "", इफ(डी२="", नाऊ(), डी२) - सी२)

याचा अर्थ असा: सुरुवातच नसेल तर काही दाखवू नको. सुरुवात असेल आणि शेवट नसेल तर आत्ताची वेळ घे, शेवट असेल तर तो घे, आणि त्यातून सुरुवात वजा कर. सगळी करामत मधल्या इफमध्ये आहे, बाकी साधी वजाबाकी.

एफ२ मध्ये:

=इफ(सी२="", "", इफ(डी२="", "चालू", "पूर्ण"))

दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढून घ्या. ई स्तंभात कधी ०.१०४ असा दशांश दिसेल. तो चुकीचा नाही. शीटच्या हिशेबात एक दिवस म्हणजे १, त्यामुळे अडीच तास म्हणजे ०.१०४. स्तंभ निवडून फॉरमॅट, नंबर, ड्युरेशन हा पर्याय घ्या, म्हणजे २:३०:०० असं दिसेल. 'टाइम' हा पर्याय घेऊ नका. तो घड्याळाची वेळ दाखवतो. साडेसत्तावीस तासांची बेरीज त्यात ३:३० दिसते आणि एक अख्खा दिवस नजरेआड होतो. एक्सेलमध्ये यासाठी कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकोनी कंसात घालावं लागतं.

दर मिनिटाला ताजा आकडा

शीट उघडी ठेवली आणि काहीच बदललं नाही, तर नाऊ जुनीच वेळ दाखवत राहतं. यासाठी फाइल, सेटिंग्ज, मग कॅल्क्युलेशन असं जा. तिथे रीकॅल्क्युलेशनसाठी तीन पर्याय असतात: बदल झाला की, बदल झाला की आणि दर मिनिटाला, बदल झाला की आणि दर तासाला. मधला निवडा. एक्सेलमध्ये असा पर्याय नाही. तिथे एफ९ दाबलं किंवा शीटमध्ये काही बदललं की आकडा ताजा होतो. हजारो ओळींच्या शीटमध्ये दर मिनिटाचं गणित जड जातं, म्हणून महिना संपला की जुन्या नोंदी दुसऱ्या पानावर हलवाव्यात.

त्याच सेटिंग्जमध्ये जनरल या भागात टाइम झोन आहे, आणि तो लगेच तपासा. आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास याच एका गोष्टीनं होतो. परदेशातल्या ग्राहकानं शीट बनवून तुम्हाला दिली असेल, तर तिचा टाइम झोन बहुतेक वेळा त्याच्या गावचा असतो, आणि नाऊ त्या गावची वेळ देतं. समजा शीट न्यूयॉर्कच्या वेळेवर आहे आणि तुम्ही पुण्यात बसून सुरुवात म्हणून दुपारचे २:०५ हातानं लिहिले. तुमच्याकडे ४:३५ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ७:०५ झालेले असतात. चालू कालावधी येतो उणे सात तास. हिवाळ्यात तिथली घड्याळं एक तास मागे जातात, की उणे आठ. एक्सेलमध्ये उणे वेळ तर दिसतही नाही, चौकटभर नुसती # चिन्हं येतात.

यात वाईट गोष्ट अशी, की पूर्ण झालेल्या नोंदी अगदी बरोबर दिसतात, कारण त्यांची दोन्ही टोकं तुम्हीच लिहिलेली असतात. चूक फक्त चालू ओळीत असते, आणि ती एकूण बेरजेत मिसळली की ओळखू येत नाही. शीट तुमची असेल तर भारतीय प्रमाणवेळ ठेवा. ग्राहकाची असेल तर नोंदी तुमच्या शीटमध्ये ठेवा आणि ग्राहकाला त्यातून अहवाल द्या. एकाच शीटमध्ये दोन देशांच्या वेळा सांभाळायच्या फंदात सुरुवातीला पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अहवालाचं पान

दुसरं पान घ्या, त्याला 'अहवाल' नाव द्या. बी१ मध्ये मुदतीची, म्हणजे अहवाल ज्या काळाचा आहे त्या काळाची, सुरुवात, बी२ मध्ये मुदतीचा शेवट, बी३ मध्ये =नाऊ(). बी३ च्या शेजारी लिहा: 'अहवाल काढल्याची वेळ'. ज्या अहवालात चालू काम धरलं आहे, त्यावर ही वेळ असलीच पाहिजे. तिच्याशिवाय ५:४५ हा आकडा निरर्थक आहे, कारण दहा मिनिटांनी तो ५:५५ होणार आहे.

आजचा अहवाल हवा असेल तर बी१ मध्ये =टुडे() आणि बी२ मध्ये =टुडे()+१. कालचा हवा असेल तर टुडे()-१ आणि टुडे(). महिन्याचा हवा असेल तर पहिली तारीख आणि पुढच्या महिन्याची पहिली तारीख.

पाचव्या ओळीपासून प्रकल्पांची नावं ए स्तंभात लिहा, आणि पुढे तीन स्तंभ: पूर्ण, चालू, एकूण. चालू वेळ थेट एकूणात मिसळू नका. तो वेगळा दिसला पाहिजे. उदाहरणातल्या दिवशी ४:३५ ला हे पान असं दिसेल:

मुखपृष्ठ – पूर्ण १:४५, चालू २:३०, एकूण ४:१५
माहितीपत्रक – पूर्ण १:३०, चालू ०:००, एकूण १:३०

पहिल्या स्तंभातला आकडा पक्का आहे, दुसऱ्यातला अजून हलतो आहे, आणि तिसरा तुमच्या निर्णयासाठी. बघणाऱ्याला विचारावं लागत नाही की यात चालू काम धरलं आहे की नाही. माझ्या मते तयार सॉफ्टवेअरमध्येही अहवाल असाच असायला हवा.

आता सूत्र लिहिण्याआधी मध्यरात्रीचा प्रश्न सोडवू, नाहीतर सूत्र दोनदा लिहावं लागेल. रात्री ११:२० ला सुरू केलेलं काम १:१० ला अजून चालू आहे. ई स्तंभ म्हणतो १:५०. पण यातली ४० मिनिटं कालची आहेत आणि १ तास १० मिनिटं आजची. सुरुवातीच्या तारखेवरून बेरीज केली तर सगळा वेळ काल जमा होतो, आणि त्याहून विचित्र म्हणजे कालचा संपलेला दिवस आज वाढत राहतो. अमेरिकेतल्या लोकांबरोबर रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांच्या अहवालात हे रोज घडतं.

म्हणून नोंदीचा फक्त तेवढाच तुकडा घ्यायचा, जो अहवालाच्या मुदतीत पडतो. 'नोंदी' पानावर जी स्तंभ जोडा, नाव द्या 'मुदतीतला वेळ', आणि जी२ मध्ये:

=इफ(सी२="", 0, मॅक्स(0, मिन(इफ(डी२="", नाऊ(), डी२), अहवाल!बी२) - मॅक्स(सी२, अहवाल!बी१)))

लांबलचक दिसतं, पण वाचायला सोपं आहे. नोंदीचा शेवट आणि मुदतीचा शेवट यांतलं जे आधी येतं ते घ्या. नोंदीची सुरुवात आणि मुदतीची सुरुवात यांतलं जे नंतर येतं ते घ्या. पहिल्यातून दुसरं वजा करा. उत्तर उणे आलं, म्हणजे नोंद मुदतीच्या बाहेर आहे. तेव्हा शून्य धरा. चालू काम, मध्यरात्र ओलांडलेलं काम, महिना ओलांडलेलं काम, तिन्ही याच एका सूत्रात बसतात. या लेखातलं एकच सूत्र वहीत उतरवून घ्यायचं असेल तर हे घ्या. पानाचं नाव टाइप करताना अवतरणचिन्हांचा घोळ होतो, म्हणून सूत्र लिहितानाच 'अहवाल' पानावर जाऊन त्या चौकटीवर क्लिक करा. नाव आपोआप नीट येतं. मग एफ४ दाबून चौकटीच्या नावात डॉलर चिन्हं घाला, म्हणजे सूत्र खाली ओढताना बी१ चं बी२ होणार नाही.

आता 'अहवाल' पानावर बी५ मध्ये:

=समइफ्स(नोंदी!जी:जी, नोंदी!बी:बी, ए५, नोंदी!एफ:एफ, "पूर्ण")

सी५ मध्ये तेच, फक्त शेवटचा शब्द "चालू". डी५ मध्ये दोघांची बेरीज. या सूत्रात डॉलर चिन्हं लागत नाहीत, कारण ते आडवं ओढायचं नाही, फक्त खाली. तिन्ही स्तंभांना ड्युरेशन फॉरमॅट द्या आणि खालच्या ओळींत ओढून घ्या.

पिव्होट टेबलची (नोंदी गटागटानं बेरीज करून दाखवणाऱ्या तयार तक्त्याची) सवय असेल तर तेही चालेल. गूगल शीटमध्ये ते आपोआप ताजं होतं. एक्सेलमध्ये डेटा मेनूतून रिफ्रेश ऑल करावं लागतं. तोवर चालू वेळ जुनाच दिसतो.

विसरलेला टायमर

चालू वेळ अहवालात घेतला की एक नवी जोखीम येते. टायमर बंद करायला विसरून तुम्ही घरी गेलात, तर पूर्वीच्या अहवालात ते काम दिसलंच नसतं. आता सकाळी उघडलं की मुखपृष्ठाखाली अठरा तास दिसतील. म्हणून इशारा देणारी सोय याच्याबरोबरच करा, नंतर कधीतरी नाही.

'नोंदी' पानावर दुसऱ्या ओळीपासूनच्या सगळ्या ओळी निवडा, फॉरमॅटमधून कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा, कस्टम फॉर्म्युला निवडा आणि लिहा:

=अँड($एफ२="चालू", $ई२>४/२४)

रंग लाल द्या. चार तासांपेक्षा जास्त सलग चाललेली ओळ लगेच डोळ्यात भरेल. चारच्या जागी तुमच्या कामाला साजेसा आकडा टाका. सलग चार तास न उठता काम करणारी माणसं कमी, म्हणून मी चार सुचवतो.

दुसरी तपासणी 'अहवाल' पानावर:

=काउंटइफ(नोंदी!एफ:एफ, "चालू")

एकट्या माणसाच्या शीटमध्ये हा आकडा ० किंवा १ असायला हवा. २ दिसला तर तुम्ही नवं काम सुरू केलं पण जुनं थांबवलं नाही, आणि दर मिनिट दोनदा मोजलं जातं आहे. तयार सॉफ्टवेअरमध्ये सहसा नवा टायमर सुरू केला की जुना आपोआप थांबतो. शीटमध्ये ते आपल्यालाच बघावं लागतं. चार जणांच्या शीटमध्ये माणसाच्या नावाचा स्तंभ जोडा आणि ही मोजणी माणसागणिक करा.

विसरलेला टायमर दुरुस्त करताना शेवटाच्या जागी अंदाज लिहायची वेळ येते. तेव्हा शेवटची फाइल कधी सेव्ह झाली, शेवटची मेल कधी गेली, हे बघून वेळ लिहा आणि शेजारी 'दुरुस्त' अशी खूण करा. तासाचे पैसे घेणाऱ्यानं हे करायलाच हवं.

बिलात चालू वेळ नको

आतापर्यंतचं सगळं स्वतःसाठी: आज किती झालं, किती उरलं, आता थांबायचं का. ग्राहकाला जाणारा अहवाल वेगळा. त्यात फक्त 'पूर्ण' स्तंभ घ्या. चालू वेळ बिलात धरला, तर पुढच्या बिलात त्याच नोंदीचा पूर्ण कालावधी पुन्हा येतो आणि तोच वेळ दोनदा लावला जातो. ग्राहकाच्या लक्षात आलं तर तुमच्या सगळ्याच आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडतो, आणि लक्षात आलं नाही तर ते त्याहून वाईट.

महिनाअखेरीला काम खरंच चालू असेल, तर ठरलेल्या वेळी ती नोंद थांबवा आणि त्याच कामाची नवी नोंद सुरू करा. दोन ओळी झाल्या तरी हरकत नाही. जुना महिना बंद होतो, नवा स्वच्छ सुरू होतो.

पाठवायच्या अहवालाची प्रत काढा आणि त्यातली सूत्रं काढून टाका: सगळं निवडून कॉपी, मग कंट्रोल-शिफ्ट-व्ही. त्यानं फक्त आकडे राहतात. नाहीतर तुम्ही पाठवलेल्या पीडीएफमध्ये एक आकडा आणि चार दिवसांनी त्याच शीटमध्ये दुसरा, असं होतं.

पैशांचं गणित करताना कालावधीला २४ नं गुणा, कारण शीटमध्ये १ म्हणजे एक दिवस. १:४५ चे होतात १.७५ तास. तासाला ८०० रुपये दर असेल तर १४०० रुपये. घाईत १:४५ चं १.४५ लिहिलं तर ११६० येतात, म्हणजे एकाच ओळीत २४० रुपयांचं नुकसान. गुणाकाराच्या चौकटीचा फॉरमॅट साधा नंबर ठेवा, ड्युरेशन नको.

तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर

आधी पाच मिनिटांची चाचणी करा. 'चाचणी' नावाचं काम सुरू करा, चार-पाच मिनिटं जाऊ द्या, टायमर न थांबवता अहवाल उघडा. 'चाचणी' दिसतं का? दिसलं तर किती मिनिटं? पान पुन्हा उघडल्यावर आकडा वाढतो का? मग टायमर थांबवा आणि पुन्हा बघा. मदतपानं वाचण्याआधी एवढ्यानं बरंचसं कळतं. अहवालाच्या गाळण्या (फिल्टर) उघडून बघायलाही विसरू नका. काही ठिकाणी चालू नोंदींचा पर्याय तिथेच असतो.

वेळ नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी टॉगल ट्रॅक आणि क्लॉकिफाय ही दोन नावं आपल्याकडे बरीच ऐकू येतात. त्यांच्या एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडून माहिती घ्यायच्या सोयीतून) नोंदी शीटमध्ये ओढत असाल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. टॉगलमध्ये चालू नोंदीच्या कालावधीच्या जागी उणे आकडा येतो. क्लॉकिफायमध्ये चालू नोंदीचा शेवट आणि कालावधी दोन्ही रिकामे येतात. म्हणजे टॉगलचे आकडे डोळे झाकून बेरजेत घेतले, तर एकूण तास वाढण्याऐवजी घटतात. दोन्हीकडे मार्ग एकच: आलेला कालावधी बाजूला ठेवा, सुरुवात घ्या आणि वरचं सूत्र लावा.

आज्ञा टाइप करून चालणारी मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वॉटसन आणि टाइमवॉरियर यांची तुलना उद्बोधक आहे. वॉटसन पूर्ण नोंदी 'फ्रेम्स' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो आणि चालू काम 'स्टेट' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. त्याचा अहवाल मुळात फक्त पहिली फाइल वाचतो. चालू काम हवं असेल तर रिपोर्टच्या आज्ञेला 'करंट' हा पर्याय जोडायचा, ज्याचं लघुरूप एक रेघ आणि छोटं सी. दर वेळी जोडायचा कंटाळा असेल तर कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) 'रिपोर्ट करंट' कायमचं सुरू करता येतं, आणि एखाद्या वेळी नको असेल तर मोठ्या सी नं बंद. टाइमवॉरियर याच्या अगदी उलट: त्याचा सारांश चालू नोंद आपणहून धरतो आणि शेवटाच्या जागी फक्त एक रेघ दाखवतो. एकातून दुसऱ्यात गेलात, तर त्याच दिवसाचे दोन वेगळे आकडे येतील आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या ऑर्ग मोडमध्ये वेळ नोंदवणाऱ्यांसाठी तर नेमकी हीच एक सेटिंग आहे: ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट-इन्क्लूड-क्लॉकिंग-टास्क. ती मुळात बंद असते. ऑल्ट-एक्स दाबून कस्टमाइझ-व्हेरिएबल निवडा, हे नाव द्या, ती सुरू करा आणि पुढच्या वेळेसाठी जतन करा. त्यानंतर क्लॉकटेबलवर, म्हणजे वेळेच्या तक्त्यावर, कंट्रोल-सी दोनदा दाबलं की तक्त्यात चालू कामाचा वेळही येतो. तक्ता आपोआप वाढत नाही. तो फाइलमध्ये लिहिलेला मजकूर असतो, त्यामुळे दर वेळी ताजा करावा लागतो. विसरलेल्या टायमरसाठी तिथे ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम आहे. त्यात मिनिटं दिलीत, की तेवढा वेळ कळफलक शांत राहिल्यावर परत आलात की तो विचारतो, मधल्या वेळाचं काय करायचं: ठेवायचा, वजा करायचा की काम तिथेच थांबलं असं धरायचं. टॉगलच्या संगणकावरच्या ॲपमध्येही अशी सोय आहे. जे कोणतं सॉफ्टवेअर वापराल, त्यात ही सोय पहिल्याच दिवशी सुरू करा.

कार्यालयासाठी स्वतःच छोटं सॉफ्टवेअर लिहित असाल, तर शीटमधला इफ एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) कोअलेस हे फंक्शन होतो: शेवट असेल तर शेवट, नसेल तर आत्ताची वेळ. अडचण बेरजेआधीच सुरू होते. 'शेवट अमुक तारखेच्या आत' अशी अट लावली, की शेवट रिकामा असलेल्या ओळी त्या अटीतच गळतात, कारण रिकाम्याशी केलेली कोणतीही तुलना खरी ठरत नाही. म्हणून कोअलेस अटीतही हवा, नुसता बेरजेत नाही. वेळा साठवताना यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि दाखवताना साडेपाच तास पुढे करून दाखवा. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं सरकली तरी कालावधीला धक्का लागणार नाही. आणि 'आत्ताची वेळ' अहवाल सुरू होताना सर्व्हरवर एकदाच घ्या, मग तीच सगळ्या ओळींना वापरा. प्रत्येक ओळीला वेगळी घेतली, तर प्रकल्पांची बेरीज आणि खालचं एकूण यांत काही सेकंदांचा फरक पडतो, आणि हिशेब तपासणारा माणूस त्या सेकंदांवरच अडकून बसतो.